अक्कांचं शेवटचं कडवं

३ मे १९९८. दुसऱ्या दिवशी मुलीची हळद होती म्हणून मी हळकुंडं कुटत होते आणि सगळा राग त्या हळकुंडांवर निघत होता.

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकी उधळी बाई जोयडा तालुक्यात दुसरी झाली नसेल. सगळे त्यांना अक्का म्हणतात. उधळायला त्यांच्याकडे होती फक्त लग्नाची गाणी. बांगड्यावालीने विचारलं, तिला शिकवलं. कॅसलरॉकला गाडी चुकली, तर फलाटावरच्या बायकांना शिकवलं. एकदा रामनगरच्या वाटेवर कुणाच्या तरी मांडवातून चुकीचं गाणं कानावर आलं, तर बस थांबवून उतरल्या, दुरुस्त केलं, जेवल्या आणि संध्याकाळी ओटीचा नारळ घेऊन घरी आल्या. "इचारलं की द्यायचं. माझ्या आईनं मला काय इकत दिलं न्हाई," एवढंच म्हणत.

शहरातल्या एका संस्थेचे साहेब ती गाणी टेप करायला आले, तेव्हा पाटावर नवरी असल्याशिवाय अक्कांना सूर लागेना. शेवटी साहेबच पाटावर बसले, कानाला यंत्र आणि गालाला हळद लावून. अक्कांनी सगळी गाणी दिली. हळदीच्या गाण्याचं शेवटचं कडवं मात्र राखून ठेवलं. "ते खऱ्या नवरीचं हाय."

पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. मुलीचं लग्न ठरलं तशी मी त्या संस्थेत गेले. गाणी आता संगणकावर चढवून तबकडीत घातली होती.

"नक्कल देता येत नाही," साहेब म्हणाले. "हक्क संस्थेचे आहेत."

"गाणारीलाही नाही?"

"त्या इथं येऊन ऐकू शकतात."

जिने फुकट दिलं, तिनेच बस धरून ऐकायला जायचं. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

मुसळ आपटत मी हे अक्कांना सांगत होते. त्या कुजबुजल्या, "धाकटे, हळद सांडतीयास. शेवटचं कडवं हाय काय त्यांच्याकडं?"

"नाही."

"मग उद्या माझ्याजवळ बस. आणि पोराचा टेप आण."

सकाळी मुलगी पाटावर बसली. अक्का माझ्या कानात ओळ सांगत, मी ती माझ्या फाटक्या आवाजात म्हणे आणि बायका उचलून धरत. शेवटच्या कडव्याआधी अक्कांनी टेप चालू आहे ना ते पाहिलं, मगच सांगितलं. त्यात नवरीला म्हणतात, सगळी हळद धू, कानामागची तेवढी राहू दे.

मी कॅसेटवर 'कुणीही उतरवून घ्यावं' असं लिहिलं आणि गुंदहून आलेल्या पाहुणीच्या हातात दिली. अक्कांचा आवाज त्या कॅसेटवर एकाच ठिकाणी येतो, दोन ओळींच्या मध्ये, खरखरीत: "हं, पुढं." बाकीचा संस्थेच्या त्या तबकडीत आहे.