खिशातली पट्टी

दुधावर साय धरली की आधी तिच्यावर फुंकर मारायची, सुरकुत्या पडल्या की वाकून बघायच्या, मग दूध प्यायचं. बोलताना हाताच्या पाठीवरची कातडी दोन बोटांनी जवळ ढकलायची. चादर नीट करायला जायचं आणि तिच्या चुण्या बघत तिथेच बसून राहायचं. शर्टाला इस्त्री कधीच करायची नाही.

या शेवटच्या सवयीवरून प्रयोगशाळेत त्याचं नाव ‘इस्त्री’ पडलं. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला कवी म्हणायचा. मी साहित्यात पदवी घेतली होती, एवढ्याच गुन्ह्यासाठी. मला माहितीपत्रकं लिहायला ठेवलं होतं. विषय समजण्याची अट नव्हती.

दादाची डॉक्टरेट सुरकुत्यांतली. मऊ रबराची पट्टी चौकटीत ताणायची, तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि पट्टी सोडायची. रबर आकसतं, सोन्याला आकसता येत नाही, म्हणून ते ओळीने सुरकुततं. नंतर पट्टी ओढली तर आधी सुरकुत्या उलगडतात. सोनं तुटत नाही, वीज वाहत राहते.

हे सगळं ऐकून त्याची वहिनी म्हणाली होती, “भावजी, एवढं शिकलात, माझ्या डोळ्यांखालच्या घालवा की.”

“मी घालवत नाही वहिनी, पाडतो.”

“ते तर तुमचे भाऊ फुकटात करतात.”

त्याची नेमणूक संपत आली होती. संस्थेला निधी देणारे पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार होते. त्यांना पटलं तर नेमणूक वाढणार, नाहीतर घरी. दादाने पट्टी तयार ठेवली. आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी ती उजेडात धरली.

“ही चुरगळलेली का?”

“सर, ती तशीच हवी.”

“पाहुण्यांसमोर? सपाट करून आणा. आरशासारखी.”

सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. विज्ञानात अशा पुराव्याला वजन असतं.

दादाने रबर न ताणता दुसरी पट्टी केली. तिच्यात सरांना स्वतःचा चेहरा दिसला. तो त्यांना आवडला.

प्रात्यक्षिकात सरांनी ती स्वतः दिव्याच्या तारांना जोडली. दिवा लागला. सरांनी पट्टी ओढली. सोन्याला तडे गेले, दिवा विझला.

“दिवा खराब दिसतोय,” सर म्हणाले.

दुसरा दिवा आणला. तोही तितकाच खराब निघाला.

सुरकुतलेली पट्टी दादाच्या खिशात होती. मला ते माहीत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो खिशावर हात ठेवून उभा होता. पाहुणे चहा न घेता गेले.

जिन्यात मी विचारलं, “काढली का नाहीस?”

“सर आधीच किती ताणले गेले होते. अजून ओढलं असतं तर तुटले असते.”

“आणि तुझी नेमणूक?”

“ती झाली सपाट, कवी. आरशासारखी.”

एवढं बोलून तो जिना उतरला. मी मधल्याच पायरीवर उभा राहिलो. मनाने मी अजून तिथेच आहे.

माझ्या माहितीपत्रकात प्रात्यक्षिक यशस्वी झालं. ते आधीच छापून आलं होतं.

दादाच्या टेबलावर चौकट तशीच आहे. सर येता-जाता तिच्याकडे कौतुकाने बघतात, कारण तिच्यातली कोऱ्या रबराची पट्टी अगदी सपाट आहे. तिचं एक टोक घट्ट आवळलंय. दुसरं मोकळं आहे, ताणायचं राहिलेलं.