कुणी तक्रारच केली नाही

मिल बंद पडली आणि मी घरी बसलो, तेव्हा धुळ्यात केबलचं वारं नुकतं सुटलं होतं. त्याआधी मी लग्नाकार्यात टीव्ही-व्हीसीआर भाड्याने द्यायचो, त्यामुळे वायरी, पिना, जोडण्या यांची हाताला सवय होती. मेहुण्याने थोडी मदत केली. मी गच्चीवर डिशची एक छत्री बसवली, वरच्या खोलीत मशीन मांडलं आणि आमच्या गल्लीत घरोघर वायर टाकली. पहिली वायर समोरच्या अक्कांकडे गेली. अक्का माझ्या आईच्या वयाच्या. शिंदखेड्याकडून येऊन त्यांना शहरात तीस वर्षं झाली असतील, पण बोलणं तिकडचंच, अहिराणी.

ते दिवस मोठ्या रुबाबाचे होते, खोटं कशाला बोलू. दुपारी मी व्हीसीआरवर सिनेमा लावायचो आणि गल्लीतल्या बायका मला रस्त्यात गाठून फर्माईश करायच्या. कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की पडद्यावर खाली शुभेच्छांची पट्टी फिरवायचो. पडद्यावर जरा मुंग्या आल्या की चार गच्च्यांवरून एकदम हाका यायच्या, 'ओ केबलवाले, गेलं बघा!' मी वैतागायचो, शिव्या पुटपुटत जिना चढायचो. आत कुठेतरी सुखावायचो, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

मग पलीकडच्या गल्लीत एका तरुण पोराने केबल सुरू केली. त्याच्याकडे तीन छत्र्या, माझ्या तिप्पट चॅनल, चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि जोडणी फुकट. शेजारच्या दोन्ही गल्ल्या त्याने बघता बघता खाल्ल्या. आमची गल्ली मात्र जागची हलली नाही. महिन्याच्या महिन्याला मी वसुलीला जायचो आणि प्रत्येक दारात पैसे तयार असायचे. पूर्वी घासाघीस व्हायची, 'आठवडाभर तर बंदच होतं' असं ऐकावं लागायचं. आता तेही बंद झालं होतं. मला वाटलं, माझं काम सुधारलं.

एकदा तो पोरगा स्वतः माझ्या घरी आला. चहा घेतला, नीट 'भाऊ, भाऊ' करत म्हणाला, "तुम्ही माझ्याबरोबर या. दोन्ही केबल एक करू. तुमचा अनुभव आहे, तुम्ही लोकांचं बघा." मी त्याला तासभर ऐकवलं. धंदा मशीनवर चालत नाही, माणसांवर चालतो. माझी माणसं चॅनल मोजत बसणारी नाहीत, आजवर एक घर फुटलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना माझ्या पाया पडला. मी बायकोला म्हणालो, बघ, आला होता गल्ली विकत घ्यायला.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे दोन दिवस सासुरवाडीला, पिंपळनेरला गेलो. जावई म्हणून आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, दुपारी पत्त्यांचा डाव, सगळं यथासांग झालं. सिनेमा लागणार नाही, एवढं मी गल्लीत सांगून गेलो होतो. बाकी चॅनल आपोआप चालू राहणार होते. परत आलो, कुलूप काढलं, दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागेना. जिन्याखाली बघतो तर मेन स्विच खाली पाडलेला. गावाला निघताना गॅस, नळ आणि मेन बघायचा, हे आईने लहानपणापासून डोक्यात भरलेलं. निघायच्या घाईत मीच, माझ्याच हाताने, सगळ्या गल्लीची केबल बंद करून गेलो होतो. तीही सणाच्या दिवसांत.

मेन वर केला, मशीन लावलं आणि अंगावरचे कपडेही न बदलता माफी मागायला निघालो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो.

पहिलं दार नानांचं. नाना कचेरीतून निवृत्त झालेले, बातम्यांशिवाय त्यांना जेवण जात नसे. मी म्हणालो, "नाना, चूक झाली. दोन दिवस..." नानांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "छे छे, चूक कसली? बातम्या अगदी स्वच्छ दिसल्या. आवाजही चांगला होता."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नानांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

मी रस्ता ओलांडून अक्कांकडे गेलो. आता मी माफी मागायला चाललो नव्हतो, पण तोंडात तेवढंच वाक्य तयार होतं. अक्का म्हणाल्या, "माफी कसानी भो? दोन्ही दिन मस्त दिसनं. जराबी मुंग्या नई."

मेन बंद होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या खोट्या पडल्या असत्या, आणि मला ते बघवलं नसतं. "बरं झालं" म्हणालो आणि तिथून सरळ घरांच्या मागच्या बोळात गेलो. त्या बोळात झाडणाऱ्यांशिवाय कुणी जात नाही. वर बघितलं. नवी काळी वायर एका घराच्या मागच्या खिडकीतून दुसऱ्या घराच्या मागच्या खिडकीत, अशी गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. आमच्या बाजूच्या घरांमागेही तेच. एकही घर सुटलेलं नव्हतं. फक्त माझं.

त्या दिवशी मला जी लाज वाटली तशी मिल बंद पडल्यावरही वाटली नव्हती. तेव्हा निदान सगळेच रस्त्यावर आले होते. इथे माझ्या एकट्यासाठी अख्खी गल्ली महिनोन्महिने मुकाट्याने दोन-दोन केबलचे पैसे भरत होती, आणि मी प्रत्येक दारात ते ऐटीत घेत होतो. वर नाक वर करून त्या पोराला धंदा शिकवला होता. मी बोलत होतो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तरी तो माझ्या पाया पडला होता.

पुढच्या वसुलीची तारीख आली तसा माझा पाय घराबाहेर पडेना. पैसे घ्यावेत तर कोणत्या तोंडाने, आणि नको म्हणावं तर का, हे सांगावं लागणार. शेवटी त्या पोराकडेच गेलो. तो उठून उभा राहिला. मी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "भाऊ, गल्लीने मला एकच अट घातली होती. वायर मागून आण. पुढून तुम्हाला दिसली असती."

मला खुर्चीत बसवून त्याने पाणी दिलं. मग म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना, मीच मागे लागलो म्हणून तुम्ही दोन्ही केबल एक करायला तयार झालात. उद्या आपण नव्याने जोडण्या करू." त्याचं वय माझ्या धाकट्या भावाएवढंही नसेल. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शिडी, पकड आणि वायरीचं भेंडोळं घेऊन आम्ही दोघं गल्लीत शिरलो. लोक दारात येऊन उभे होते. नानांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि आता आम्हालाही जास्त चॅनल बघायला मिळतील, असं म्हणाले. अक्का म्हणाल्या, "बरं करं भो तू. एकटा कितला पळशी?"

अक्कांच्या घरात मी टीव्हीच्या मागे वाकलो. माझी वायर कपाटामागे गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या टोकाला गंज चढू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, वर दोरा घट्ट गुंडाळला होता. टीव्हीला नवी काळी वायर लावलेलीच होती. अक्का माझ्या पाठीशी उभ्या होत्या, श्वाससुद्धा जपून घेत होत्या. मी ती काळी वायर काढली, पिन पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा तिथेच लावली.

"लावा अक्का," मी म्हणालो.

त्यांनी टीव्ही लावला. मग म्हणाल्या, "दख भो, आते कितलं साफ दिसी ऱ्हायनं."

"हो अक्का," मी म्हणालो, आणि टीव्हीमागे उगाच वायरींशी चाळा करत बसून राहिलो, कारण उठलो असतो तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.