भोंडल्याच्या चालीवरचं स्तोत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावात रविवारी चर्चमध्ये एक स्तोत्र म्हणतात, त्याची चाल भोंडल्याच्या गाण्याची आहे. आणि ती मी दिली.

आमच्या शेजारचे म्हातारे पास्टर मूळचे वेल्सचे. पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी त्यांचे लोक इथे आले. खाणी बंद झाल्या, गाणं राहिलं. ते स्वतः स्तोत्रं लिहितात. लॉन कापता कापता बोटांवर अक्षरं मोजतात आणि ओळ जमली की मोवर तिथेच सोडून घरात. मग अर्धं लॉन कापलेलं, अर्धं तसंच, आठवडाभर.

एकदा कुंपणापाशी येऊन त्यांनी माझ्या आईचं एखादं देवाचं गाणं मागितलं. त्यावर त्यांना स्तोत्र बांधायचं होतं. आदल्याच दिवशी इथल्या महाराष्ट्र मंडळाचा भोंडला झाला होता, शाळेच्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या हत्तीभोवती. डोक्यात तेच घोळत होतं, तेच गुणगुणलो. त्यांनी अर्थ विचारला. आता इतक्या भाविक माणसाला कसं सांगायचं, की सून माहेरी जायला विचारतेय आणि सासू एकेक काम काढतेय?

मी म्हटलं, "एक आत्मा घरी जायची परवानगी मागतोय. जुनं, देवळातलं आहे."

त्यांचे डोळे भरले. "मिळते का शेवटी?"

"मिळते." तेवढं खरं होतं.

नाताळच्या आधी ते चार आवाजांत गायलं गेलं. ही मंडळी गायला लागली की बाकं थरथरतात. आत्म्याची विनवणी बायकांकडे, देवाची उत्तरं खर्जातल्या आजोबांकडे. म्हणजे सासूबाई खर्जात! मी रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, मला आईची आठवण आली. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग खरंच आली.

हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण परवा ते चहाला आले आणि म्हणाले, स्तोत्रांचं पुस्तक छापायला जातंय, या चालीखाली 'प्राचीन मंदिरगीत' असं घातलंय. शिवाय आपल्या अंत्यविधीलाही हेच गायचं, असं त्यांनी चर्चला सांगून ठेवलंय. मी त्यांच्या कपात साखर घालत बसलो. ते साखर घेत नाहीत.

माणूस ठणठणीत आहे, त्यामुळे खरं न सांगायला मला सबब नाही. पुस्तक छापून येण्याआधी मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: ते गाणं सासू-सुनेचं आहे.