प्लूटोची घरपोच दुरुस्ती

आमच्या घरात प्लूटोची बातमी जवळजवळ वीस वर्षं उशिरा पोचली, आणि ती पोचवण्याचं पाप माझ्या नावावर आहे.

बाकीच्या जगाला ती वेळेवर कळली होती. प्लूटोला ग्रह म्हणायचं नाही असं शास्त्रज्ञांनी ठरवलं, त्या दिवसांत माझी आई दवाखान्यात होती. पेपर घरी यायचा आणि घडी न मोडता रद्दीत जायचा. त्यातच आई गेली. आकाशातला एक ग्रह कमी झाला हे आमच्याकडं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आमच्यापुरतं जे कमी व्हायचं ते झालं होतं. मला पुढं पाठ्यपुस्तकातून कळलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलंच नाही. ते तोवर निवृत्त झाले होते, आणि मी सांगितलं नाही. (लपवलं असं नाही. पण जेवताना ‘अण्णा, आमटी वाढू का, आणि हो, प्लूटो गेला’ असं कोण म्हणतं!)

अण्णा प्राथमिक शिक्षक. कसबा बावड्यात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या काळात पुस्तकात असोत नसोत, नऊ ग्रह ते प्रत्येक चौथीला शिकवायचे. त्यासाठी त्यांची एक ठरलेली पिशवी होती. गुरू म्हणजे कलिंगड, शनी म्हणजे नारळ आणि त्याला कडं म्हणून घागरीखालची चुंबळ, पृथ्वी म्हणजे बोर, आणि शेवटचा प्लूटो म्हणजे मोहरीचा एक दाणा. तो दाणा हरवू नये म्हणून काड्यापेटीत कापूस घालून ठेवलेला असायचा. पोरं त्या काड्यापेटीची वाट बघत बसायची.

मीही त्या वर्गात होते, हजेरी नंबर एकतीस. एकदा ग्रह म्हणताना मी आठावर थांबले. प्लूटो विसरले. अण्णांनी विचारलं, ‘लहान हाय म्हणून टाकून दिलास व्हय?’ आणि दोन छड्या दिल्या. इतरांना चुकीला एक छडी होती. मास्तरांच्या मुलीला दोन, नाहीतर लोक म्हणतील घरच्या पोरीला सवलत दिली. घरी आल्यावर आईनं हाताला खोबरेल लावलं आणि दोन दिवस अण्णांशी अबोला धरला. मी मात्र प्लूटो पुन्हा कधी विसरले नाही.

पुढं मीही मास्तरीण झाले. माझे मिस्टर नोकरीसाठी बाहेरगावी, मुलगी शिकायला पुण्याला, म्हणून घरात मी आणि अण्णा असे दोघंच. मागच्या वर्षी आम्हाला एक प्रशिक्षण झालं. मुलांना इंटरनेटवर मोकळं सोडायचं नाही, हाताला धरून शोधायला शिकवायचं, असा त्याचा मथितार्थ होता. प्रश्न आपण द्यायचे, कुठं बघायचं ते आपण दाखवायचं, आणि उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मला ते मनापासून पटलं. मी पाचवीसाठी ‘ग्रह’ हा विषय घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात एक नियम लिहिला: तीन ठिकाणी बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही.

शाळेत दोन टॅब होते. एकाची काच तडकलेली, दुसऱ्याचा आवाज बंद. तिसरा माझा मोबाइल. पहिल्या दिवशी मंगळाचा गट शोधता शोधता लग्न जमवण्याच्या उपायांवर जाऊन पोचला, आणि त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहूनही काढलं! शनीच्या गटातला एकजण टॅबला तोंड लावून ओरडत होता, ‘शनीला कडं कशापायी असत्यात सांग की!’ टॅब बिचारा गप्प. तरी चार दिवसांत पोरं तयार झाली. कुठल्या पानावर विश्वास ठेवायचा हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायला लागलं.

इथंच मी हुशारी केली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की घरातल्या मोठ्या माणसांकडून माहिती घ्या आणि ती इंटरनेटवर पडताळून बघा. मला वाटलं, यापेक्षा झकास काय? अण्णांनी सांगायचं, पोरांनी पडताळायचं. प्लूटोचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. दोन छड्या खाऊनही जी पोरगी प्लूटो पुन्हा विसरली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी विसरली.

अण्णांना विचारलं तेव्हा ते एकदम खुर्चीत ताठ बसले. बावीस वर्षांनी वर्गावर बोलावणं आलं होतं. दोन दिवस आधी त्यांनी टोपीला इस्त्री केली. चुंबळ माळ्यावरून काढली. कलिंगड स्वतः टिचक्या मारून आणलं (खायला नव्हे, गुरू व्हायला), आणि स्कूटरवर ते माझ्या पायाशी ठेवून, नारळ मांडीवर घेऊन, आमची सूर्यमाला शाळेत निघाली.

तास सुंदर झाला. पोरं हलली नाहीत. एक एक ग्रह टेबलावर आला आणि शेवटी अण्णांनी खिशातून काड्यापेटी काढली. ‘आता ह्यो,’ ते म्हणाले, ‘सगळ्यात बारका आणि सगळ्यात लांब. म्हणून ह्याला विसरायचं न्हाय.’

मला तेव्हा आठवलं. पण काड्यापेटी उघडली होती.

समृद्धी नावाची एक मुलगी आहे, घरी चार म्हशी, पहाटे धार काढून शाळेला येते. ती टॅब घेऊन उठली. ‘सर, ह्यो धरायचा न्हाय. आठच हायत.’

‘परत मोज,’ अण्णा हसून म्हणाले.

‘मोजलंय सर. बाईंनी सांगितलंय, तीन जागी बघितल्याबिगर खरं मानायचं न्हाय. आमी तीन जागी बघितलंय.’

अण्णांनी चष्मा चढवला आणि टॅबच्या तडकलेल्या काचेतून वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचलं. तिच्या वहीत लिहिलेल्या तिन्ही जागा एकामागून एक उघडायला लावल्या. वर्गात एवढी शांतता मी माझ्या सगळ्या नोकरीत कधी मिळवू शकलेली नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

‘तुला माहीत होतं?’

‘हो अण्णा.’

‘कधीपासनं?’

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी मोहरी पुन्हा कापसावर ठेवली, काड्यापेटी बंद केली आणि समृद्धीच्या पाठीवर हात ठेवून तिला शाबासकी दिली. परतताना स्कूटरवर नारळ तेवढा त्यांच्या मांडीवर होता. कलिंगड पोरांनी मधल्या सुट्टीत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. शाळेचे हजेरीपट शाळेत राहतात, पण अण्णांनी प्रत्येक वर्षीच्या वर्गाची नावं स्वतःच्या वहीत उतरवून ठेवली होती. अशा तीसएक वह्या. त्यातली एक काखेत मारून, हातात छत्री घेऊन, ऐंशीला टेकलेले अण्णा बाहेर पडले आणि माजी विद्यार्थ्यांच्या दारात जाऊन प्लूटो दुरुस्त करायला लागले.

मला हे कळलं फोनवरून. पहिला फोन मटणाच्या दुकानातून. रविवार, दुकानापुढं ही रांग. अण्णा रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर मटण न घेता म्हणाले, ‘संभाजी, मी तुला नऊ ग्रह शिकवलं, ते चुकलं. आठ हायत. दुरुस्त करून घे.’ संभाजीनं हातातला सत्तूर खाली ठेवला, ‘व्हय सर’ म्हटलं, आणि मग मला फोन केला. ‘ताई, सरांची तब्येत बरी हाय न्हवं?’

मग फोनांची रांग लागली. गिऱ्हाइकाचं माप घेणाऱ्या एका टेलरला अण्णांनी मध्येच थांबवून त्याच्याकडून आठ ग्रह म्हणून घेतले. कारखान्याच्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर अडवला, कारण ड्रायव्हर त्यांचा विद्यार्थी होता. मागं गाड्या तुंबल्या, हॉर्न वाजायला लागले, आणि अण्णा खालून ओरडून सांगत होते की प्लूटो काढलाय. एका घरी त्यांना वाटलं की मास्तर वर्गणीला आले, त्यांनी पावती पुस्तक मागितलं! एका बाईनं दार उघडलं तेव्हा अण्णांनी तिला माहेरच्या नावानं हाक मारली. त्या नावानं तिला कितीतरी वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. प्लूटो राहिला बाजूला, ती चहा करता करता रडली. आणि एका ठिकाणी विद्यार्थीच राहिला नव्हता, दोन वर्षांपूर्वी वारला होता. अण्णांनी त्याच्या बायकोला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं, आणि वहीत त्या नावापुढं त्यांनी लिहिलं, ‘कळवायचं राहिलं.’

मला लाज वाटत होती. खरं सांगते, वाटत होती. शाळेत शिक्षक हसत होते, एका पालकानं तर सरांना डॉक्टरला दाखवा म्हणून सुचवलं. मी अण्णांवर चिडले. म्हटलं, लोक हसतात. एका मोहरीच्या दाण्यावरून कुणाचं आयुष्य अडलंय?

‘हसू देत की,’ ते म्हणाले. ‘वैशे, तुझी पोरं तीन जागी बघत्यात. माझ्या पोरांना बघायला मी एकच जागा हुतो.’

मी पोळ्या करायला उठले.

त्यानंतरच्या आठवड्यात ते तीन संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. हातात वही. ‘पाच मिनिटं हायत का?’ मी आमच्या उपक्रमाचा अहवाल भरत होते. मुलं ग्रहांवर संशोधन करताना, मुलं पडताळणी करताना, मुलं ज्येष्ठांशी संवाद साधताना, असे सगळे फोटो चढवायचे होते आणि ते चढत नव्हते. मी मान वर न करता म्हटलं, ‘अण्णा, मला माहीत आहे हो, आठ आहेत. नंतर बोलू.’ तिन्ही वेळा तेच म्हटलं. ते थोडा वेळ उभे राहायचे आणि जायचे.

अहवाल चढला. त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी शाळेत होते. त्या वर्षीची माझी शंभर टक्के उपस्थिती तिथं मोडली.

रक्षाविसर्जनाला माणसं मावेनात. आमच्याकडं अशा वेळी चार माणसं चार शब्द बोलतात. टेलर उठला आणि म्हणाला, सरांनी शेवटचं मला प्लूटोचं सांगितलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मलाबी. संभाजीनं दुकान बंद ठेवलं होतं; तो बोलायला उभा राहिला, आठ ग्रह ओळीनं म्हणाला आणि हमसून रडत खाली बसला. राधानगरीहून आलेले आमचे चुलते माझ्या कानाशी लागले. ‘ह्यो प्लूटो कोण म्हणायचा? सगळीच त्याचं नाव काढत्यात, आणि आला न्हाय कसा?’ मला हसू आलं. बापाच्या रक्षाविसर्जनाला मी पदर तोंडात धरून हसत होते, आणि बायका मला सावरत होत्या, लई रडती म्हणून.

पाहुणे गेल्यावर मी पेटी आवरायला घेतली. सगळ्यात वरची वही माझ्या चौथीची होती. तिच्यावर काड्यापेटी ठेवलेली. आत नावापुढं नाव, आणि प्रत्येकापुढं अण्णांचं गोल अक्षर: ‘सांगितलं.’ ‘सांगितलं.’ ‘सांगितलं, चहा घेतला.’ एकतिसाव्या नंबरावर माझं नाव. त्यापुढं लिहिलं होतं, ‘हिनं आठच सांगितले होते. तरी दोन छड्या मारल्या. माफी मागायची आहे.’

आणि त्याखाली, मास्तर लिहितात तशी, हजेरी.

सोमवार, गैरहजर. बुधवार, गैरहजर. शुक्रवार, गैरहजर.

मी तिथंच बसून रडले. अख्ख्या बावड्यात त्यांना त्या वहीतला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी भेटला होता. कुणी सत्तूर खाली ठेवला, कुणी ट्रॅक्टर थांबवला. आणि जी घरातच राहते, तिचा पत्ता तेवढा त्यांना सापडला नाही.

शेवटी मी पेन घेतलं, शुक्रवारपुढं ‘हजर’ लिहावं म्हणून. पण मागाहून हजेरीत खाडाखोड करायची नसते, हे मला चौथीपासून शिकवलेलं आहे. शिवाय त्या चुकीला दोन छड्या असतात, आणि आता त्या मारायला घरात कुणी नाही.