दोन बोटं वर

क्लबात त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं. सगळे त्याला गटिंगवाला म्हणत. टेनिसच्या रॅकेटीतला तुटलेला, सैल पडलेला गट, म्हणजे जाळीचा धागा, कापायचा, नवा गट ओवून जाळी विणायची आणि खेळाडू सांगेल तितक्या पाउंडांचा ताण द्यायचा, हे त्याचं काम. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, जिथं एरवी कुणी झाडू आणि बादल्या ठेवल्या असत्या, तिथं त्याची खोली होती. एक मशीन, एक स्टूल, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना रॅकेटी. ताठ उभं राहायचं तर एकाच बाजूला; दुसऱ्या बाजूला छप्पर उतरत खाली आलेलं. तीस वर्षं झाली तरी आठवड्यातून एकदा तो तिथं डोकं आपटून घेईच, आणि दर वेळी छपरावरच चिडे.

विसाव्या वर्षी तो इथं कोर्टवरच्या रेघा रंगवायला लागला होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या गटिंगवाल्याला दिसेनासं झालं होतं. त्यानं ह्याला हाक मारली, "जरा एवढा गट भोकातून ओवून दे." ओवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. असं करता करता म्हातारा घरी बसला आणि हा स्टुलावर बसला. स्वतः त्यानं आयुष्यात एक सर्व्हिस धड टाकली नाही.

पण खेळाडूबद्दल त्याला जे कळे, ते कोचांना महिना महिना उन्हात उभं राहून कळत नसे. चेंडू जिथं बसतो तिथं गट झिजतो, त्याला बारीक खाचा पडतात. रॅकेट उजेडात धरली की त्या झिजेचा डाग दिसतो. नवशिक्याचा डाग सगळ्या जाळीभर पसरलेला. मुरलेल्या खेळाडूचा डाग बरोबर मधोमध, तळहातात मावेल एवढा. कोण सराव करतं, कोण थापा मारतं, कोण बॉलला उशिरा पोचतं, सगळं त्याला न विचारता समजे. आणि समजलं ते तो पोटात ठेवी. एकदा एका खेळाडूच्या बायकोनं फोन करून विचारलं, "हे रोज सकाळी तीन-तीन तास खेळतात म्हणतात, खरं का हो?" त्या रॅकेटीवर महिन्याची धूळ होती. "बाई, रॅकेट अगदी उत्तम आहे," एवढंच तो म्हणाला. इथलं इथंच राहणार, हा त्याचा नियम. त्याचा त्याला गर्व होता, आणि दुसरा कुठला गर्व करण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतंही.

बावीस वर्षांपूर्वी एक सतरा वर्षांची मुलगी गट तुटलेली रॅकेट घेऊन त्याच्या दारात आली होती. तीच पुढे अकरा वेळा चॅम्पियन झाली. क्लबात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून हाही म्हणू लागला. ती त्याला दादा म्हणे. एकमेकांना थोरलं ठरवून दोघंही मोकळी झाली होती. रॅकेटी कुणाच्याही हाती पाठवता आल्या असत्या, पण ती दर आठवड्याला स्वतः घेऊन यायची, खोलीतलं एकुलतं एक स्टूल बळकावायची आणि दहा मिनिटं शेजारच्यांच्या मांजराबद्दल, नाहीतर बिघडलेल्या गिझरबद्दल बोलत बसायची. टेनिसबद्दल अवाक्षर नाही. तो उभ्यानं काम करत ऐकायचा. त्याला ती दहा मिनिटं फार आवडत.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं ताईची रॅकेट उजेडात धरली आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डाग मधोमध नव्हता. टोकाकडे सरकला होता, दोन बोटं वर. गटच खराब निघाला असेल म्हणून त्यानं दुसऱ्या रिळातला घातला. पुढच्या आठवड्यातही डाग तिथंच. तिसऱ्या आठवड्यातही तिथंच. ह्याचा अर्थ एकच होता, हात पूर्वीसारखा वर जात नव्हता. खांदा गेला होता. बाहेर पेपरवाले लिहीत होते की ताई अजून पंचविशीतलीच वाटते. त्यानं तो गट कापला, त्याचं भेंडोळं केलं आणि डब्यात टाकलं. दर आठवड्याला असंच. ताई मांजराच्या गोष्टी सांगत होती आणि तो मूग गिळून विणत होता. नियम आहे ना, असं तो मनाशी म्हणे. खरं सांगायचं तर तो भ्यायला होता, आणि नियम आयताच हाताशी होता.

आता त्याच्या मुलीबद्दल. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला टिल्ली म्हणायला लागले. एकोणिसाव्या वर्षी ती बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव काही सुटलं नाही. ह्याच खोलीत खेळत ती मोठी झाली. रॅकेट बघून ती कुणाची हे ओळखायचं, हा बापलेकींचा खेळ होता आणि टिल्ली त्यात सहसा हरत नसे. त्या वर्षी मोठ्या स्पर्धेत ती पहिल्यांदाच मुख्य फेरीत पोचली, दोन मॅचेस जिंकली आणि तिसऱ्या मॅचला समोर आली ताई. क्लबभर चेष्टेला ऊत आला. "काय गटिंगवाले, टाळ्या कुणासाठी?" जो तो विचारी. हा कसनुसं हसे.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी ताईची रॅकेट मशीनला लावलेली होती. जुना गट अजून कापायचा होता. तेवढ्यात टिल्ली डबा घेऊन आत आली.

"बाबा, चमचा आहे का रे?" असं विचारता विचारता तिची नजर मशीनवर गेली. ती थांबली. मान तिरकी करून बघायला लागली.

त्यानं चटकन टॉवेल ओढून रॅकेटीवर टाकला. आयुष्यात त्यानं कधी कुणाची रॅकेट झाकली नव्हती.

"कधीपासून?" टिल्लीनं विचारलं.

"काय कधीपासून? चमचा त्या ड्रॉवरमध्ये आहे."

"बाबा, खांदा ना? वर जात नाहीये हात."

"टिल्ली, इथलं इथंच राहतं. माहीत आहे ना तुला?"

"मग मी काय डोळे घरी ठेवून येऊ?" ती चिडून म्हणाली. मग तिचाच आवाज खाली आला. "मला तर आधी वाटलं, उजेडामुळे तसं दिसतंय. तू झाकलंस तेव्हा खात्री झाली."

तो खाली बसला. म्हणजे पायऱ्यांच्या बाजूनं बसायला गेला आणि डोकं आपटलं. टिल्लीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, चोळलं, आणि चमचा न घेताच निघून गेली. उद्या ती काय करणार हे दोघांनाही कळलं होतं. तिनं करू नये असं म्हणायला त्याच्या तोंडात शब्द नव्हते. पोरगी दहा वर्षं पहाटे उठून घाम गाळत होती. तिला काय सांगायचं, की जे दिसलं ते विसर आणि हर?

सकाळी ताई रॅकेटी न्यायला आली. त्याला वाटलं, सांगून टाकावं. ताई, आज उंच चेंडू येतील, सांभाळा. एवढं एकच वाक्य. पण ते वाक्य म्हणजे पोटच्या पोरीचा घात. आणि न म्हणावं तर बावीस वर्षं जिचं गोड बोलणं ऐकलं तिचा.

"पोर झोपली का रे नीट?" ताईनं विचारलं.

"झोपली."

"तिला म्हणावं, घाबरू नकोस. पहिल्या मोठ्या मॅचला मी उलटी केली होती." ती हसली, रॅकेटी पिशवीत घातल्या आणि गेली. त्यानं नुसती मान हलवली होती.

मॅच चालू असली की गटिंगवाल्याला खोली सोडता येत नाही. मध्येच कुणाचा गट तुटला तर लगेच विणून द्यावा लागतो. त्यामुळे आपल्या मुलीची सगळ्यात मोठी मॅच त्यानं पायऱ्यांखाली बसून कानांनी बघितली. डोक्यावर पावलं, भिंतीपलीकडे चेंडूचा आवाज आणि लाउडस्पीकरवर गुण सांगणारी बाई. पहिला सेट ताईनं घेतला, सहा-तीन. त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दुसऱ्या सेटमध्ये आवाज बदलला. टप-टप चाललेले फटके एकदम लांबले. टप, मग मध्ये बराच वेळ काहीच नाही, मग टप. चेंडू उंच चालले होते. बघायची गरजच नव्हती. टिल्ली चेंडू ताईच्या डोक्यावर चढवत होती आणि ताईला त्या दुखऱ्या हातानं ते आभाळातून ओढून काढावे लागत होते. दर लांबलेल्या थांब्याला त्याचा जीव टांगणीला लागे, आणि चेंडू परत आला की दुसऱ्याच बाजूनं पुन्हा टांगणीला लागे.

सेटच्या मध्यावर ताईची कोच धावत आली. "तीन पाउंड कमी कर. लवकर. चेंडूत जोरच राहिला नाहीये तिच्या."

त्यानं रॅकेट घेतली. पंधरा मिनिटांत विणली. एवढ्या वर्षांत इतकं सुबक काम त्याच्या हातून झालं नसेल. एक गाठ वाकडी नाही, एक गट उलटा गेला नाही. मुलीच्या विरुद्ध खेळणाऱ्या बाईसाठी त्याला तेवढंच करता येत होतं. विणता विणता लाउडस्पीकर म्हणाला, दुसरा सेट टिल्लीचा, सहा-चार. कोचनं रॅकेट त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली.

तिसरा सेट पाच-पाचपर्यंत गेला. मग बराच वेळ नुसतेच लांबलेले थांबे. आणि एकदम डोक्यावर सगळ्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या, आरडाओरडा झाला, छपरातली माती मशीनवर पडली. कोण जिंकलं ते त्या गोंगाटात कळेना. तो दोन्ही हात मशीनवर टेकून उभा राहिला. मग बाई म्हणाली, तिसरा सेटही टिल्लीचा, सात-पाच.

टिल्ली धावत आली ती थेट त्याच्या गळ्यात पडली. घामानं निथळत होती, हसत होती, रडत होती. त्याला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. त्यानं तिला घट्ट धरलं आणि त्याच्या तोंडून नुसतं "बाळा, बाळा" एवढंच निघत राहिलं. मग तिला मुलाखतीला बोलवायला माणसं आली आणि तिला घेऊन गेली.

तासाभरानं ताई आली. आंघोळ करून आली होती, केस ओले होते. नेहमीसारखी स्टुलावर बसली. मांजराबद्दल मात्र काही बोलली नाही.

"छान खेळली टिल्ली," ती म्हणाली. "डोक्यानं खेळली. दुसऱ्या सेटपासून तिला कळलं होतं."

त्याच्यानं राहवेना. "तिला कालच कळलं होतं, ताई. तुमची रॅकेट मशीनला होती. मी झाकली, पण..." पुढचं त्यानं सगळं सांगितलं, टॉवेलसकट.

ताईनं शांतपणे ऐकलं. रागावली नाही. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"म्हणजे रॅकेटीवर दिसतं?"

"दिसतं."

"तुला केव्हापासून दिसत होतं?"

"चौदा महिने."

ताईनं मनातल्या मनात मागं मोजलं असावं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तेव्हापासूनच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझाच खांदा आहे, दादा. मला नाही कळणार?" ती खाली बघत बोलत होती. "कोचला सांगितलं नाही. घरी सांगितलं नाही. वाटायचं, एकदा बोलले की संपलंच. रात्री कूस बदलता येत नव्हती आणि सकाळी हसत कोर्टवर जायचे. कुणालाच कळलं नाहीये, असं धरून चालले होते मी. इथं येऊन का बसायचे, माहीत आहे? घटकाभर विसरायला होतं म्हणून."

"मला वाटलं, ताई, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही..." त्यानं दुसरीकडून सुरुवात केली. "सांगितलं असतं तर खेळणं थांबवलं असतं तुम्ही?"

"नाही," ताई म्हणाली. "पण मी एकटी होते रे. तुला सगळं माहीत होतं, मी तुझ्यासमोर ह्याच स्टुलावर बसलेली होते, आणि चौदा महिने मी एकटी होते."

त्याचा तो इथलं इथंच ठेवायचा नियम, ज्याची तो तीस वर्षं मिजास करत आला होता, त्यातलं एक अक्षरही त्याला त्या क्षणी वर काढता आलं नाही. डोळे भरून आले तेही त्याला आवडलं नाही. रडायचा हक्क तिचा होता आणि ती रडत नव्हती.

ताई उठली. पिशवी उचलायला तिनं उजवा हात पुढे केला, मग डाव्यानं उचलली. ह्या वेळी तिनं एकही रॅकेट विणायला ठेवली नाही. ती दारापर्यंत गेली तेव्हा कुठं त्याच्या तोंडातून शब्द फुटले.

"ताई, फार दुखतो का हो खांदा?"

ती वळली.

"हो," ती म्हणाली, आणि गेली.