तव्याला न भिणारा हात

माझं माहेर तळेघरचं. तिथं भात आणि नाचणी. नाचणीची भाकरी थापायला अवघड, जरा हलगर्जीपणा केला की तुटते. आईनं मला ती शिकवली ती उलथन्याशिवाय. तापल्या तव्यावरची भाकरी तीन बोटांनी कडेनं सुटी करायची, उचलायची, उलटायची आणि मग निखाऱ्याला लावायची. चटका बसून मी हात मागं घेतला की आई फुंकर घालायची नाही. "सवय व्हईल," एवढंच म्हणायची. तिचं खरं झालं. लग्न होऊन पेठला आले, नाचणीऐवजी बाजरीवर हात बसला, आणि सप्ताहाच्या पंगतीला सगळ्यात मोठ्या तव्याशी मीच बसायचं हे गावात न बोलता ठरून गेलं. नव्या सुनांना सासवा मुद्दाम बघायला पाठवायच्या. "काकूंचा हात तव्याला भीत नाय," असं त्या आपसात बोलायच्या, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शाळा सातवीपर्यंतच झालेली, रंग सावळा, आवाज चिरका. मिरवायला माझ्याकडे हाताशिवाय दुसरं काय होतं?

बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडे कुठल्या बाईच्या हाताला मुंग्या येत नाहीत? सकाळ-संध्याकाळ गाईंच्या धारा, मग खुरपणी, कांदा निघाला की दिवसभर बसून त्याची काटणी. झोपेत हात जड व्हायचा, जाग यायची, चार वेळा झटकला की पुन्हा हलका. यांना उठवलं तर म्हणायचे, "कुशीवर झोपत जा, हाताखाली दाबतीस तू." असं बरेच दिवस चाललं आणि हळूहळू मुंग्या थांबल्या. गेलं एकदाचं दुखणं, असं समजून मी खूश झाले.

त्याच सुमारास तव्याचा चटका बसायचाही थांबला. पूर्वी सवय असली तरी तवा गरम आहे एवढं बोटांना कळायचं. आता तेही कळेना. मी सप्ताहात बायकांना हे सांगितलं. माझी जाऊ म्हणाली, "आता खरा मुरला बघा हात." सगळ्या हसल्या, मीही हसले. कधी मधल्या बोटाच्या टोकाला फोड दिसायचा आणि तो कशानं आला हे आठवायचंच नाही. पिठाच्या हाताला कोण बघत बसतंय. एवढी मोठी खूण रोज डोळ्यांसमोर होती आणि आम्ही बायका तिचं कौतुक करत होतो. आजही त्याची चीड येते.

बाकीच्या गोष्टींना मात्र मी वैतागायचे. हातातला कप सुटायचा आणि मी कपाला शिव्या द्यायचे. पोलक्याचा हूक सापडायचा नाही. तांदळातला खडा डोळ्यांना दिसायचा, चिमटीत यायचा नाही. मग डॉक्टर सुरू झाले. एकानं वात म्हणून तेल दिलं. दुसऱ्यानं मानेचा फोटो काढला, मणक्यांत थोडी झीज निघाली, गळ्यात पट्टा आला. तिसऱ्यानं साखर तपासली, ती नव्हती, तर अशक्तपणावर इंजेक्शनं दिली. पट्टा घालून धार काढताना मला गाईची कास दिसेना. दिला तो खुंटीला टांगून. प्रत्येकानं विचारलं, काय होतंय, आणि प्रत्येकाला मी एकच सांगितलं, सगळा हात बधिर होतो. सगळा होतो की काही बोटंच होतात हे मी स्वतः कधी नीट पाहिलंच नव्हतं.

एवढ्यात लेकीला दिवस गेले आणि हात मागं पडला. लेक चाकणला कंपनीत नोकरीला, जावईही तिकडेच. बाळंतपण माहेरी करायचं, आणि रजा संपली की बाळ पेठला माझ्यापाशी ठेवायचं, हे तिनं आणि मी आधीच पक्कं केलं होतं. तिनं शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. तिच्या सासूबाई शिनोलीच्या. त्यांनाही तिनं तसं सांगून टाकलं होतं. मला तर दुसरं काही सुचत नव्हतं. पोरं मोठी होऊन घर ओकंबोकं झालेलं, त्यात पुन्हा रांगणारं कोणी येणार होतं. मी दुपटी शिवायला घेतली. सुई सारखी हातातून पडायची, तरी शिवली.

नात झाली. गोरी, डोक्यावर दाट जावळ. तिला न्हाऊ घालायचं काम माझंच. गावातल्या कितीतरी पोरांना मी पाय पसरून नडगीवर पालथं घालून न्हाऊ घातलेलं. पाण्याचा अंदाज बघायची माझी रीत ठरलेली, तीन बोटांची टोकं बुडवायची. भाकरी उलटायची तीच बोटं. दिवाळी उलटून गेलेली, न्हाणीत गारठा होता. बंबातलं पाणी बादलीत काढलं, गार पाण्याचं विसण घातलं, बोटं बुडवली. मला ते कोमट वाटलं. खरं तर काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही म्हणजे कोमट आहे असं मी धरलं. बाळ पायांवर होतं. मी तांब्या भरला.

लेक शेजारी बसून होती. भिजवायला म्हणून तिनं फडकं बादलीत घातलं आणि किंचाळली. "आई, थांब!" माझ्या हाताला तिनं असा फटका मारला की तांब्या उडाला आणि त्यातलं पाणी माझ्या पावलावर सांडलं. तेव्हा मला कळलं. पाऊल भाजून निघालं, मी ओरडले. बाळाच्या अंगावर थेंबही गेला नव्हता. पण आमच्या ओरडण्यानं ते घाबरलं आणि रडायला लागलं. लेकीनं त्याला माझ्या पायांवरून उचललं आणि आत नेलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला खरंच कळलं नाय?" मी म्हणाले, "नाय गं." हे म्हणाले, "एवढं काय त्यात, पाणी जरा कडक व्हतं." मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते उठून गोठ्यात गेले. त्या दिवसापासून बाळाला ती स्वतः न्हाऊ घालू लागली, ओली बाळंतीण असून. मी पाणी तापवून द्यायची आणि बाजूला उभी राहायची.

तिनंच मला पुण्याला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी डोळे मिटायला लावले आणि कापूस एकेका बोटाला लावत गेल्या. "लागलं की सांगा, मावशी." मी वाट बघत बसले. मग एकदम करंगळीला लागला, गुदगुल्या झाल्यासारखा. डोळे उघडले तर बाई म्हणाल्या, "अंगठ्यापासून सुरुवात केली होती मी." मनगटात एक अरुंद वाट आहे, तिच्यातून एक नस जाते, अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची एक बाजू तिच्यावर चालते, करंगळीची नस वेगळी, असं त्यांनी माझ्या हातावर पेनानं रेघ काढून दाखवलं. दुखणं मानेत नव्हतंच, मनगटात होतं. विजेचे बारीक झटके देऊन तपासलं तेव्हाही तेच निघालं. त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या तळव्याशेजारी ठेवला. त्यांच्या अंगठ्याखाली मांस होतं, माझ्याकडे खळगा होता. तो कधी पडला कोण जाणे.

"मुंग्या थांबल्या तेव्हा बरं वाटलं असेल ना?"

"लई बरं वाटलं."

"तेव्हा नस बरी झाली नव्हती, थकली होती."

मी एकच विचारलं, पाणी पुन्हा कळेल का? त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. ऑपरेशननं आहे ते वाचेल, गेलेलं थोडंफार परत येईल किंवा येणारही नाही, महिने लागतील. तोवर पाणी कोपरानं बघा, म्हणाल्या, कोपर शाबूत आहे तुमचं.

ऑपरेशन झालं. टाके निघाले. अंगठ्यात थोडी जाण आली. बोटांची टोकं मात्र अजून दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वाटतात. भाकरी आता उलथन्यानं उलटते. यंदा सप्ताहात मी पीठ मळायला बसले. तव्याशी बसलेल्या एका नव्या सुनेचा हात भाजला आणि ती "आई गं" म्हणाली. बायका तिला हसल्या. मला तिचा हेवा वाटला.

रजा संपायच्या आधीच्या रविवारी लेक बाळाला घेऊन चाकणहून आली. बाळ माझ्यापाशी ठेवायचं की नाही, हे ती बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हते. न्हाणीत मी पाट मांडला, बादली भरली, विसण घातलं. पदर खोचून कोपर पार आतपर्यंत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. नीट कळत होतं. मग लेकीकडून बाळाला घेतलं.

"कोमट आहे गं," मी म्हणाले.

"हो, आई," ती म्हणाली, आणि तिनं बादलीत आपला हात घातला.

पाणी कोमटच होतं. तिनं हात पुसला, पाट स्वतःकडे ओढून घेतला आणि बाळाला घ्यायला माझ्यापुढे हात केले.