बिलगणं आणि चिकटणं

आमच्या चर्चमध्ये मला कौतुकानं ‘ती सून’ म्हणतात. जुन्या करारात एक विधवा सून आहे. सासू तिला माहेरी परत जा म्हणते, पण ही सासूला बिलगते आणि तिच्याबरोबरच राहते. माझाही नवरा गेला आणि मी खडकीच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंजवळ राहिले, एवढ्यावर मला ही पदवी मिळाली. माझी शाळेची नोकरी इथे आहे आणि माहेरी भावाच्या संसारात मला जागा नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मीही आठवण करून देत नाही. फुकटचं कौतुक कुणाला नको असतं?

खरं म्हणजे बिलगल्या होत्या त्या. मुलगा गेल्यापासून आईंनी माझी पाठ सोडली नव्हती. मी ओट्याशी उभी राहिले की त्या दारात. मी बाथरूममध्ये शिरले की बाहेरून हाक, “आत आहेस ना गं?” रस्त्यात तर माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून चालायच्या. मी अगदी मेटाकुटीला आले होते. शेवटी नगरला नणंदेला फोन केला आणि आईंना थोडे दिवस न्या म्हणून सांगितलं. आईंना मात्र म्हणाले, “ताई फार आठवण काढताहेत तुमची. या म्हणताहेत.” हे सांगताना माझा आवाज इतका गोड झाला होता की माझी मलाच लाज वाटली. पण फोन करून नको म्हणण्याइतकी वाटली नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या महिला मंडळात माझं बोलणं ठरलेलं होतं. जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू, ती शिकायचं मला खूळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक. विषय मीच निवडला होता : त्या सुनेनं सासूला धरलं, त्यासाठी वापरलेलं ‘दावक’ हे क्रियापद. मी रंगात येऊन सांगत होते. नवऱ्यानं बायकोशी जडून राहावं, माणसानं देवाला धरून राहावं, तिथेही हेच क्रियापद येतं. तहानेनं जीभ टाळूला चिकटते आणि रोग अंगाला चिकटतो, तिथेही हेच. आजच्या हिब्रूत गोंदाला जो शब्द आहे, तोही याच धातूचा.

“मग आपल्या मराठीत काय म्हणायचं? बिलगणं की चिकटणं?” एका बाईंनी विचारलं.

“ते कोण सांगतंय त्यावर आहे,” मी म्हणाले. “आपण धरलं की बिलगणं, आपल्याला धरलं की चिकटणं.”

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले, स्वतःवर खूश होऊन. आई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी आधी इतरांकडे पाहिलं आणि मग त्याही हसल्या. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना म्हणालं, “आजी, नशीब काढलंत हो, अशी सून मिळाली!” आई म्हणाल्या, “हो ना. हुशार आहे फार.”

परतताना बाजाराचा रस्ता ओलांडायचा होता. दुचाक्या अंगावर येत होत्या. आईंनी आपली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. माझी ओढणी मोकळीच होती. मी हात पुढे केला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “चिकटेल.”

आणि एकट्या निघाल्या. एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि शिव्या दिल्या, मला. त्या शिव्या मला हव्याच होत्या.

घरी आल्यावर मी म्हणाले, “आई, नगरला नका जाऊ. मी ताईंना कळवते.”

“तू कशाला कळवतेस? परवा मीच तिला फोन केला होता. म्हटलं, अचानक कशी गं आईची आठवण आली? ती म्हणाली, वहिनीचाच फोन आला होता.” साडीची घडी घालता घालता त्या हे बोलत होत्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. परवापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी आज सकाळी चर्चला जाताना त्यांनी माझी ओढणी धरली होती. ती माझ्या त्या विनोदानंतर सोडली.

दुसऱ्या दिवशी नणंद गाडी घेऊन आली. आई मागच्या सीटवर बसल्या. मी खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही. नुसता ठेवला, थंड आणि सैल. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, नणंद म्हणाली, “वहिनी, निघायचं ना?” तरी मी सोडत नव्हते.

माझ्या बाजूनं ते बिलगणं होतं. त्यांच्या बाजूनं त्याला काय म्हणायचं, ते मीच आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.